सिस्टरचे सोमवार

नर्सच्या नोकरीत पंधरा वर्षं काढली की गोळ्या संपतात, किस्से संपत नाहीत. आम्ही नर्सा जमलो की बाकीच्यांच्या किश्श्यांत पेशंटची फजिती असते. माझ्या किश्श्यांत माझीच! तरी सांगते. पोटात ठेवून ठेवून आता टोचायला लागलेत.

नळदुर्गच्या अलीकडं माझ्याकडं एक गाव होतं. तिथं दर सोमवारी अंजनाकाकूंच्या अंगणात आमचा पायांचा कार्यक्रम चालायचा. काकूंना पूर्वी कुष्ठरोग झालेला. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला, रोग गेला, पण तळपायाची बधिरता राहिली. टाचेला दोन वर्षांची जखम. ती भरली की येरमाळ्याला जाऊन येडेश्वरीच्या पायऱ्या स्वतःच्या पायानं चढायच्या, एवढंच त्यांचं मागणं. सोबत टाचांच्या भेगा घेऊन किराणा दुकानदार शिवप्पा, आणि आमची आशाताई सुनीता. पाय पाण्यात भिजवायचे, हलके घासायचे, ओलसर असतानाच तेल लावायचं. काकूंची जखम धुवून पट्टी. आणि हे सगळं रोज!

* * *

शिवप्पांच्या भेगा काही मिटेनात. मी विचारलं, "तेल रोज लावता ना?"

"रोज कशाला? रविवारी निवांत बसतो न् अर्धी बाटली एकदम लावतो की!"

मी चिडलेच. "आठवड्याचं जेवण रविवारी एकदम जेवता का?"

"जेवतो की," शिवप्पा म्हणाले, "लग्नसराईत!"

सगळं अंगण हसलं. मी मात्र त्यांना दहा मिनिटं लेक्चर दिलं. कातडीला रोज थोडं लागतं, एकदम लई नाही, वगैरे वगैरे. लेक्चर संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, तुमी जरा सँडल काढता का?"

काढावे लागले. माझ्या टाचा त्यांच्यापेक्षा फुटलेल्या होत्या!

काकूंनी लगेच आपली तेलाची बाटली पुढं केली. मी म्हटलं, "राहू द्या, माझ्याकडं घरी आहे." घरी काही नव्हतं. बाटलीला त्यांची बोटं लागलेली होती, म्हणून नको होती. तेव्हा मी स्वतःलासुद्धा हे सांगितलं नव्हतं.

* * *

एकदा भाचीच्या लग्नामुळं माझे दोन सोमवार चुकले. परत गेले तर जखम निम्म्यानं भरलेली! कडेनं कोवळी गुलाबी कातडी आत सरकत होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण आधी थोडा रागच आला.

"मी नसताना कशी काय भरली?"

"तुमी नव्हता," काकू म्हणाल्या, "पण तेल-पाणी व्हतं की!"

मग मी समजावलं की कातडी आपली आपणच भरून येते. आपण फक्त रोज धुवायचं, पायाला आराम द्यायचा आणि खपली काढायची नाही. काकू म्हणाल्या, "म्हंजे सुनेसारखंच. रोज इचारायचं, पर खोड काढायची न्हाय!"

* * *

आता चहाचं सांगते. सांगताना आजही मान खाली जाते.

काकू दर सोमवारी चहा करायच्या. सुनीता प्यायची, शिवप्पा प्यायचे. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "माझा सोमवार आहे."

"उपासाला च्या चालतो की!" काकू म्हणाल्या.

शिवप्पांनी कप उंच केला. "माझा बी सोमवारच हाय. हा बघा, दुसरा कप!"

"माझा निर्जळी असतो," मी ठोकून दिलं.

तासाभरानं ऊन चढलं. मी सवयीनं पिशवीतली बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्यायले. सुनीता खाली बघून रजिस्टर लिहीत राहिली. काकू तेवढ्या म्हणाल्या, "ऊनच लई हाय, देव बी समजून घेतो." त्यांनी मला हसायला हवं होतं. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गंमत म्हणजे, गोळ्या पूर्ण झाल्यावर हा रोग कुणाला लागत नाही, हे गावाला ओरडून सांगणारी मीच! शाळेत सांगितलं, चावडीवर सांगितलं. आणि चार वर्षं प्रत्येक सोमवारी निर्जळी!

* * *

शेवटी जखम भरली. काकू मऊ तळव्याच्या चपला घालून येरमाळ्याला गेल्या, पायऱ्या चढल्या आणि प्रसाद द्यायला मला आणि सुनीताला घरी बोलावलं. त्या दिवशी मी ठरवूनच गेले. दारातूनच म्हटलं, "काकू, आज चहा पिणार!"

काकू सुनीताला आत घेऊन गेल्या. भांड्यांचा आवाज आला, बराच वेळ काही बोलण्याचा आवाज आला. मी समोर ठेवलेल्या प्रसादातला खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून बसले.

चहा सुनीतानंच बाहेर आणला. निळ्या फुलांचा कप, बुडाला दुकानाचं लेबल अजून तसंच, पिवळं पडलेलं. काकू मागं, दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"घ्या सिस्टर, बिनघोर घ्या," त्या म्हणाल्या. "कप तुमच्यासाठीच चार वर्सांमागं आणून ठिवलाय, कुणी तोंड लावलं न्हाय. च्या बी सुनीतानं केलाय. म्या कशालाच हात लावला न्हाय."