फोटोतली काळी पट्टी

डॉक्टरांनी बाबांच्या आजारावर लेख लिहिला आणि त्याची छापील प्रत घरी पाठवली. मानेवरची गाठ कॅन्सरची वाटली होती, निघाली क्षयाची. त्याची ती सगळी हकिगत. नाव कुठे नाही, नुसतं 'रुग्ण'. ओळख पटू नये म्हणून फोटोत बाबांच्या डोळ्यांवर काळी पट्टी.

"अगंबाई, बनियन उलटंच की!" आई म्हणाली. "तेव्हा मला दिसलंसुद्धा नाही."

खरंच, बाबांची ही जन्माची खोड. त्या दिवसांत मात्र भीतीने आमच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली होती. गाठीपलीकडचे बाबा दिसतच नव्हते.

"शेवटी काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"रुग्ण पूर्ण बरा झाला."

तिने ओट्यापाशी चहा गाळणाऱ्या बाबांकडे पाहिलं. बनियनची शिवण आजही बाहेर होती.

"पूर्ण कुठला बरा! मूळ दुखणं तसंच आहे की."