नकाशामागचा न्यायाधीश

तुम्हाला वाटत असंल, आता ह्यो विहिरीचं सांगणार. वरून ओतलेलं पाणी, येगळी कपबशी. ते बी झालं. पण माझा खरा अपमान झाला तो शाबासकी देऊन.

सर म्हणले, "शाब्बास. असला जज दिल्लीत बी नसंल." पाठ थोपटायला हात उचलला. मग त्यांना याद आली, मी कोण ते. हात तसाच वळवून सोताच्या डोस्क्यावरनं फिरवला. आन् मला भिंतीच्या आन् भारताच्या नकाशाच्या मधी उभं केलं.

कामून ते सांगतो.

आमचं गाव बीदरकडं, भालकी तालुक्यात. मी मॅट्रिकला. नकला करण्यात मला जोड न्हवती. यष्टीचा कंडक्टर, कानडी तलाठी, पाटील, पाटलाची म्हैस, सगळे माझ्या तोंडात. बीदरहून साहेब शाळा तपासायला येणार म्हणून सरांनी नागरिकशास्त्राच्या धड्याचं नाटक बसिवलं. धडा सुप्रीम कोर्टाचा. दोघा भावांचं बांधाचं भांडण मुन्सफ कोर्टातनं चढत चढत दिल्लीला जातंय.

धडा मला लई आवडला व्हता. आधी म्हणे इंग्रजांच्या मुलखाचा शेवटचा निकाल विलायतेत लागायचा. बांध इथं, निकाल समुद्रापल्याड. मग पन्नास साली आपलं कोर्ट आलं. पार्लमेंटनं केलेला कायदा बी घटनेला धरून नसला तर ते रद्द करतंय. आन् कुणाचा मूलभूत हक्क मारला, तर त्यानं मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून सरळ त्याच्या दारात उभारायचं. ज्यांनी हे लिहिलं त्यांचा फोटो आमच्या घरात हाय, बुद्धाच्या बाजूला. धडा मला कवाच पाठ झाला. सरांना जजाचा आवाज काढून दाखिवला, तवा ती शाबासकी मिळाली.

जजाची खुर्ची पाटलाच्या घरनं आली. नक्षीची, गादीची. सर हळूच म्हणले, तू बसलास तर पाटील ती परत नेणार न्हाईत. मग खुर्चीत कोण? पाटलाचा सुधाकर. त्याला दोन वाक्यं पाठ व्हईनात. तवा सरांनी अक्कल चालिवली. सुधाकरनं नुसतं तोंड हलवायचं. मागनं बोलायचं मी.

पाच दिस तालीम झाली. नकाशामागं पालीच्या लेंड्या, चुन्याचा वास. कापडाला एक भोक व्हतं, त्यातनं सुधाकरचं तेलकट डोस्कं दिसायचं. माझा शब्द त्याच्या सुपारीच्या थुंकीतनं भाईर पडायचा. पोरं हसायची. मला बी मजा यायची. त्या मजेची आज वकारी येती.

साहेब आले. पुढच्या खुर्चीत बसले. भांडण दिल्लीला पोचलं. सुधाकरनं तोंड उघडलं. मी म्हणायचं व्हतं, "या न्यायालयापुढे राजा असो वा रंक, सारे समान आहेत." पाच दिस म्हणलं व्हतं. त्या दिशी निघंना. सुधाकर मासळीगत तोंड उघडायलाय, मिटायलाय. सर दातओठ खायलेत.

मग मी बोललो. आवाज जजाचाच ठिवला.

"नकाशामागे जो उभा आहे, त्याला न्यायालयापुढे हजर करा."

आन् मीच भाईर आलो.

साहेबांनी इचारलं, हा कोण? सर म्हणले, नकाशा धरायला ठिवलंय, साहेब.

"न्हाई साहेब," मी म्हणलो. "आवाज माझा हाय. मी बसलो तर खुर्ची बाटती म्हणून मागं ठिवलंय. घटनेच्या सतराव्या कलमानं ही शिवताशिवत बंद झालीय. सरांनीच शिकिवलंय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. नाटक बरं बसिवलंय म्हणले. वहीत सही केली, चहा पेले, जीपमधी बसून गेले.

मग सरांनी मला धरलं. "जागा दिली तुला, आन् जात दाखविलीस. पाटलाच्या दारात जाऊन माफी लिहून दे. तवर मॅट्रिकच्या फॉर्मावर माझी सही न्हाई."

ज्यानं जात बघून लपिवलं, त्यो म्हणतोय जात मी दाखविली. मला थुकावं वाटलं. थुकलो न्हाई. म्हणलो, "माफी लिहिणार न्हाई, सर. फॉर्म ऱ्हाऊ द्या. पुढच्या वर्षी बाहेरून बसीन. पण माझ्या आवाजानं आता दुसरं कुणी बोलणार न्हाई."

घरी आलो त्याच्या आधी बातमी आली व्हती. माय चुलीम्होरं बसलेली.

"मुडद्या, तोंड आवरायला काय झालं व्हतं तुला?"

"पाच दिस आवरलं की, माय."

"आणिक पाच दिस आवरलं असतंस तर मेला नसतास. बापाची हाडं झिजली तुला शिकिवताना. आन् सकाळी त्याच पाटलाच्या रानात मला खुरपायला जायचंय. कसं तोंड दाखवू?"

"वर करून."

तिनं फुकणी फेकून मारली. खांद्याला लागली. मग तिच्या शिव्या सुरू झाल्या त्या थांबंनात. सकाळी रानात जायाच्या आधी म्हणली, लिही. पाटलानं कामाला नगं म्हणून परत धाडलं, तवा आल्यावर म्हणली, आता तरी लिही.

मी लिहिलं न्हाई.