सातवीतल्या सुमनचा यंत्रमानव

मंडळी, आज वाचनालयाच्या या फळ्यावर सुविचार लिहायची पाळी माझी. पण जीव थाऱ्यावर नाही, म्हणून जे घडलं तेच लिहितो.

सकाळी कट्टा गावच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना मिळून ढाल एकच. मसुऱ्याकडच्या सुमनने, सातवीतल्या पोरीने, पत्र्याच्या डब्याचा यंत्रमानव केला होता. टॉर्चच्या सेलवर तो एका वाटीतली सुपारी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. एकदाही चुकला नाही. दहावीच्या मुलांचा यंत्रमानव चांगला कमरेएवढा, पण मध्येच अडून बसला.

तरी ढाल दहावीला गेली. सुचवलं मीच. म्हटलं, "त्यांचं शाळेतलं शेवटचं वर्ष. ही लहान आहे, पुढच्या वर्षी येईल." बाकीच्या परीक्षकांनी माना डोलावल्या.

निघताना तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "फुडच्या वर्षाक ढाल तुझीच गो बाय!"

ती वाट्या पिशवीत भरत होती. म्हणाली, "फुडच्या वर्षाक मी खंय आसतलंय, आजोबानू? आमची शाळा सातवीपर्यंतच. मगे घरातच रवतलंय."

मग हळूच विचारलंन, "पण माझो यंत्रमानव खंय चुकलो?"



मंडळी, पंगतीला बसलेल्या पोराला "तू लहान, तुला उद्या वाढतो" असं म्हणतं का कोणी? मी आज म्हटलं. आणि तिला उद्याची पंगतच नाही.