बटणांच्या डब्यातली गोळी

केसांनी तरी असा पक्षपात करावा का?

दोघी बहिणींचे केस इस्पितळातल्या औषधांनी गेले आणि दोघींचे परत आले. धाकटीचे आले ते दाट, काळेभोर आणि वर कुरळे. जन्मात कधी कुरळे नव्हते बाईचे, आता कुरळे! आणि ताईचे आले ते असे की भांग पाडायला जावं तर डोकंभर भांगच. रोज सकाळी ती आरशासमोर उभी राहायची, कंगव्यात अडकलेले केस सोडवायची आणि धाकटीच्या नावाने बोटं मोडायची. मनातल्या मनात हं. खरोखरची बोटं हल्ली मोडत नव्हती, मिटतही नव्हती. रात्रभरात त्यांची लाकडं व्हायची.

ही ताई म्हणजे कोटांच्या दुकानात काजं करणारी बाई. बटण ज्या फटीतून जातं ते काज. मशीन ते चुटकीसरशी करतं, पण मास्तरांच्या दुकानातला कोट हाताच्या काजाशिवाय बाहेर पडत नसे. फट कापायची, कडेने जाड दोरा धरायचा, मेण लावलेल्या रेशमाने त्यावर गाठीला गाठ लावत फिरायचं, आणि टोकाला बटणाची मान बसते तिथे गोल डोळा काढायचा. एक गाठ सैल पडली की काज तोंड वासतं. ताईचं काज कधी तोंड वासत नसे. ताईचं तोंड मात्र सदा उघडं. दुकानाचे मालक म्हणजे हे मास्तर, कापड कापायचे तेच. ते म्हणायचे, "ताईचं काज आणि ताईची जीभ, दोन्ही एकदा लागली की सुटत नाहीत."

धाकटीला सगळे बाहुली म्हणत. पन्नाशीला टेकली तरी बाहुलीच. लहानपणी पाहुणे आले की "किती गोड गं ही" म्हणून तिचा गाल ओढायचे, आणि मग काहीतरी बोलायला हवं म्हणून ताईकडे बघायचे, "आणि ही मोठी का? बरं बरं." त्या 'बरं बरं'ने ताईच्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे थांबलंच नाही. दोघींत एक चॉकलेट आलं की ताई ते दातांनी अर्धं करायची, मोठं अर्धं पटकन स्वतःच्या गालात दाबायची आणि छोटं बाहुलीला द्यायची. तेवढीच काय ती भरपाई. पुढे बाहुलीला दुकानात तिनेच आणलं, इस्त्रीवर लावलं, काजंही तिनेच शिकवली. आणि महिनाभरात मास्तर बाहुलीच्या विनोदांना हसायला लागले. ताईच्या विनोदाला कुणी हसल्याचं ऐकिवात नाही.

आजारपणाचंही तेच. छातीत गाठ आधी ताईला आली. घरचे, शेजारचे, दुकानातले, सगळे तिच्याभोवती. ती घाबरलेली होती, अगदी गळून गेली होती. पण खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा ती खोलीत शिरल्यावर माना तिच्याकडे वळत होत्या. आणि तिनेच, होय, तिनेच बाहुलीला दंडाला धरून तपासायला नेलं. "आपलं रक्त एक आहे, नखरे करू नकोस, चल." निघाली ना तिलाही गाठ! झालं, सगळ्या माना वळल्या तिकडे. "अगं बाई, त्या बिचारीलासुद्धा?" ताई रडली बहिणीसाठी, खरंच रडली, डोळे सुजेपर्यंत. पण त्या रडण्याच्या तळाशी एक कुसळ होतंच: आजारसुद्धा मेलीने माझा एकटीचा राहू दिला नाही.

ऑपरेशनं झाली, सलाइनं झाली, किरणांचे शेक झाले. मग वाटा वेगळ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं की ताईची गाठ अंगातल्या हार्मोनवर पोसणाऱ्या जातीची, तेव्हा तो हार्मोन अडवायला रोज एक गोळी, पाच वर्षं. बाहुलीची गाठ त्या जातीची नाही, तिला गोळी नाही. ताईच्या कानात त्यातलं एवढंच शिरलं: मला पाच वर्षांची शिक्षा आणि हिला सुट्टी.

सुरुवातच वाईट झाली. पहिल्याच पाकिटात एक खण रिकामा निघाला, तर ताईने औषधवाल्याला भर दुकानात सोलून काढलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. गोळी दिसायला गरीब, शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढी, पांढरी. करणी मात्र भलतीच. कुठेही बसलेली असो, छातीतून एकदम वाफ उठायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची, कपाळ निथळायचं, आणि मग लगेच कुडकुडायला व्हायचं. दुकानात ती उठून पंखा मोठा करायची की मास्तरांचे कागदी नमुने टेबलावरून उडायचे. "ताई! कोट कापू की पतंग उडवू?" घरी पांघरूण अंगावर, पांघरूण जमिनीवर, पुन्हा अंगावर, नवरा बिचारा भिंतीला चिकटून झोपायचा. त्याने कप भलत्याच जागी ठेवला तरी तिला रडू फुटायचं, आणि रडू फुटलं म्हणून राग यायचा तो वेगळाच.

हे सगळं तिने सोसलं असतं हो. बोटांचं काय करायचं? सकाळी उठली की कोमट पाण्यात हात बुडवून बसायची, रबराचा चेंडू दाबायची. दुकानात आल्यावर उजवा अंगठा मध्येच अडकायचा आणि टक्कन सुटायचा. आणि एक दिवस एका कोटाचं काज तोंड वासून परत आलं. मास्तरांनी पुढचा कोट बाहुलीच्या पुढ्यात ठेवला. "काही दिवस तू बघ गं. ताईला जरा आराम."

बाहुलीने ताईचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती टोपी, उचललं, बोटात घातलं, आणि ते तिला अगदी मापात बसलं. ताईकडे आलं बटणं निवडून डब्यांत भरायचं काम, जे दुकानात नवख्या माणसाला देतात. त्या दिवशी तिच्या अंगाचा जो भडका उडाला त्याला कुठल्या गोळीची गरज नव्हती. हिला झोप लागते, हिला घाम नाही, हिचे केस कुरळे, आणि आता काजंही हिचीच! मी गोळी गिळतेय म्हणून ही माझ्या जागेवर बसलीय. हे एकदा ताईच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

नवरा रोज न्याहारीनंतर तिच्या तळहातावर गोळी ठेवायचा, पाण्याचा पेला पुढे करायचा आणि बूट घालायला वळायचा. तेवढ्यात गोळी रुमालात जायला लागली. औषध केरात टाकायचा तिला धीर होईना, म्हणून दुकानात आल्यावर ती विजोड बटणांच्या डब्यात टाकायची. तो डबा सगळ्यांत खाली, त्यात कोण हात घालतंय? पांढऱ्या बटणांत पांढरी गोळी, कुणाच्या बापाला कळणार!

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की त्रास झाला तर या, गोळी बदलून बघता येते. पण आपल्या मनाने बंद करू नका, गाठ परत यायचा धोका असतो. ताईला ते पाठ होतं. पण तपासायला दोघी बरोबर जात, आणि आपण रडगाणं गायचं अन् शेजारी बसून बाहुलीने "मला बाई काही त्रास नाही" म्हणायचं? त्यापेक्षा नकोच. भीती वाटायची. आंघोळ करताना हात व्रणावर थांबायचा, काखेत चाचपत राहायचा. मग दुकानात आलं की बाहुलीच्या बोटातलं अंगुस्तान चमकायचं, आणि भीती मागे पडून जळफळाट पुढे व्हायचा.

काही आठवड्यांनी मूठ मिटायला लागली. ताईने चिंधीवर एक काज केलं आणि मास्तरांच्या पुढ्यात टाकलं. मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, चिंधी उलटीसुलटी केली. "आली की गाडी रुळावर!" अंगुस्तान ताईच्या बोटात परत आलं, बाहुली इस्त्रीवर गेली. जाताना हसून म्हणाली, "बरं झालं गं ताई, गोळीने शेवटी तुझ्याशी जमवून घेतलं." ताईला खरं तर लाज वाटायला हवी होती. तिला इतका आनंद झाला की तिने मास्तरांना एक विनोद सांगितला. कुणी हसलं नाही, तरी चाललं.

मग एका दुपारी मास्तर आतल्या खोलीत एका गिऱ्हाईकाचं माप घेत होते. बाहुली शर्टावर इस्त्री फिरवत होती, तिच्या हातून कॉलरचं बटण फुटलं. नेहमीच्या डब्यात जोड सापडेना, तेव्हा तिने वाकून सगळ्यांत खालचा डबा ओढला. ताई काजाच्या डोळ्यावर होती. तिथे हात सोडला की सगळं फुकट.

"अगं तो नको! त्यात काही नाही."

"असेल एखादं."

बाहुलीने चिमटीत एक पांढरं उचललं आणि ओवलेली सुई त्याला लावली. सुई शिरेना. "अगंबाई, याला भोकंच नाहीत!" म्हणून तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं. मग दुसरं काढलं. मग तिसरं. मग डबाच टेबलावर उपडा केला.

"ताई, या तुझ्या गोळ्या आहेत."

ताईने काज तसंच सोडलं. वरमायचं राहिलं बाजूला, ती उलट उसळली. "आहेत माझ्या! तुला काय जातंय? तुला ना गोळी, ना घाम, ना बोटांची लाकडं! केस बघ, जसे काही विकत आणलेत! जन्मभर माझं जे जे होतं ते तुझ्याकडे गेलं. एक हात राहिला होता माझा, तोही तुलाच हवा होता ना?"

ताईला वाटलं, ही आता काहीतरी विनोद करणार. पण बाहुली स्टुलावर बसली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"पहिल्या पाकिटात एक गोळी कमी होती, आठवतं? तू औषधवाल्याशी भांडलीस ती?"

"त्याचं आता काय?"

"ती मी घेतली होती. तुझ्या घरी पाणी प्यायला आत गेले, पाकीट तिथेच होतं. गिळली मी ती."

"वेडी का खुळी तू? कशाला?"

"मला काहीच औषध नाही गं, ताई," बाहुली म्हणाली. "मी एकटी जाऊन डॉक्टरीणबाईंना म्हटलं होतं, मलाही लिहून द्या ना. म्हणाल्या, तुमच्या गाठीला ती लागू नाही. मग मी काय करू? तर म्हणाल्या, तपासायला येत राहा. बस! तुझ्या हातावर भाऊजी रोज गोळी ठेवतात. तुझं दुखतं तेव्हा निदान आत काहीतरी राखण करतंय, असं तरी आहे. माझं काही दुखत नाही. मी नुसती वाट बघते. त्या दिवशी वाटलं, चुकून लागू पडली तर? घाम येतो का बघायला पंखा बंद करून बसले होते, मूर्खासारखी. नाही आला." तिने टेबलावरच्या पसाऱ्याकडे बोट केलं. "इतकी जळते मी तुझ्यावर. आणि तू ती बटणांत टाकतेस?"

जळणं काय असतं ते ताईपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार! पण आपल्यावर कुणी जळतंय हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि तेही बाहुलीच्या तोंडून. लहानपणापासून ती याच वाक्यासाठी आसुसली होती. आज ते मिळालं, आणि ती टेबलावरच्या बटणांतून गोळ्या एकेक करून बाजूला काढायला लागली.

तेवढ्यात गळ्यात टेप अडकवून मास्तर बाहेर आले. "हे काय, बटणांचं दुकान मांडलंय?"

"तुम्ही आत जा!" दोघी एकदमच ओरडल्या. स्वतःच्याच दुकानात मास्तर मुकाट्याने आत गेले.

ताईच्या रुमालात आजची गोळी होती, डब्यात टाकायची राहून गेलेली. तिने रुमालाची गाठ सोडली. "बोटं परत आखडतील," ती म्हणाली.

"आखडू देत. सकाळची काजं मी करते, दुपारी तुझी मूठ सुटली की तू बस. डोळे तूच काढ. माझे वाकडे येतात."

"येतातच वाकडे," ताई म्हणाली. एवढ्या सगळ्यातही तिला त्याचं बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं.

"आणि उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. बोटांचं सांगायचं, या डब्याचं सांगायचं. दुसरी गोळी देतात का विचारायचं. हवं तर मी बाहेर बसते."

"बाहेर कशाला? आत ये."

बाहुलीने पाण्याची बाटली उघडून दिली. ताईने गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली. बाहुली बघत होती. आधी तळहाताकडे, मग तिच्या गळ्याकडे. ती नजर ताईने बरोबर ओळखली, तीच नजर ती स्वतः जन्मभर बहिणीवर रोखत आली होती.

ताईने बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसलं तरी ती ते फिरवत राहिली.

"तुला लागू पडली असती ना," ती म्हणाली, "तर अर्धी तोडून दिली असती गं. मोठं अर्धं तुला."

"तू? मोठं?"

"हो. मोठं."