भागीरथाबाईंच्या ताटातलं भरीत

हुडकेश्वरच्या भागीरथाबाईंना त्या रविवारी दोघांचाही वीट आला होता, नवऱ्याचा आणि मुलाचाही. साहिल दुबईहून आठवड्याच्या सुटीवर आला होता आणि अख्खा आठवडा बापलेक आईच्या मार्फत बोलत होते. "त्याले सांग, आंघोळीचं पाणी तापलं." "आई, बाबाले म्हण, पेपर झाला असंन तर दे." आणि हे दोघं एकाच खोलीत बसून! भागीरथाबाई म्हणजे काय पोस्टाची पेटी आहे का, बाप्पा?

भांडण जुनंच. साहिलने बँकेच्या परीक्षा सोडल्या आणि तो हॉटेलच्या कामाला लागला. कोणत्या जेवणासोबत कोणती वाईन घ्यावी, हे तो तिथे पाहुण्यांना सांगतो. कारकुनीत जन्म घालवलेले त्याचे वडील चंपतराव फोनवर एवढंच बोलले होते, "दारू वाढाले शिकवलं होतं का तुले?" तेव्हापासून अबोला. आता सोमवारी पहाटे पोराचं विमान. आजचाही दिवस असाच गेला तर पोट्टा पुन्हा या घरी पाय ठेवणार नाही, या धास्तीने बाईंना घास गोड लागत नव्हता.

म्हणून त्यांनीच मटणाचा घाट घातला. स्वतः त्यांनी मटण सोडून वर्षं झाली, त्यामुळे चूल अंगणात, भांडी वेगळी आणि रांधणार चंपतराव. साहिलने बॅगेतून बाटली काढली. लेबनॉनची लाल वाईन, तीन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली.

"तिकडे ही भाजलेल्या मटणासंगं घेते. आई, बाबाले सांग, तिखट जरा हात राखून टाक म्हणा. तिखटानं वाईन कडू लागते."

निरोप पोचला. चंपतरावांनी तो नीट ऐकून घेतला आणि आधीच जहाल असलेल्या सावजी मसाल्यावर आणखी मूठभर तिखट घातलं.

"काहो, काय करून राहिले? अक्कल गहाण टाकली का?" भागीरथाबाईंनी कपाळावर हात मारला.

व्हायचं तेच झालं. पहिल्याच घासाला साहिलच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. वर घोट घेतला तर तोंड वाकडं झालं. चंपतराव काही सोवळे नव्हते. त्यांनीही ग्लासात थोडी ओतून चाखली आणि ग्लास खाली ठेवला.

"त्याले सांग, जहर आहे."

साहिलचा चेहरा उतरला. जिभेची आग विझवायला त्याने हात लांबवला, तो थेट आईच्या ताटात. तिथे निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं, वरून कच्चं तेल आणि कांद्याची पात.

"अरे मेल्या! मटणाचा हात माया ताटात!"

पण तो ऐकतो कुठे! भरीत खाल्लं, घोट घेतला, थांबला. पुन्हा घेतला. मग ते भरीत उचलून बापाच्या ताटात वाढलं आणि थेट बापाशी बोलला.

"बाबा, हे खा. मग घोट घ्या. लेबनॉनमधी असंच वांगं भाजते, त्यात तीळ वाटून कालवते. धुराचा वास अन् हिचा आंबटपणा जुळते. सावजीसंगं आणाले नोको होती, चूक माईच आहे."

चंपतरावांनी खाल्लं. प्यायले. बराच वेळ घोट तोंडात घोळवत राहिले.

"लोकायले तू असंच सांगतं?"

"हो."

"अन् ते आयकते तुयं?"

"आयकते, बाबा. जातानी हात मिळवून जाते."

"मीच आयकलं नाही गा तुयं कधी," चंपतराव म्हणाले.

भागीरथाबाईंना रडू फुटलं आणि त्याच्या दुप्पट संतापही आला.

"एवढं बोलाले आठवडा लागला तुमाले?" त्या ओरडल्या. "पहाटे चालला न पोट्टा!"