मांडीवरची फळी

जर्मनीची लढाई चालू होती त्या सालच्या सुगीत बैलाच्या लाथेने आईचा उजवा गुडघा कायमचा आखडला. आम्ही तेव्हा तलवाड्यात राहत होतो, मुलूख निजामाचा. तिला उभे राहता येई, ओट्याच्या कडेला पाय सोडून बसता येई. पण पाय मुडपत नव्हता, म्हणून विळीवर बसता येत नव्हते.

भाजी चिरणे थोरल्या चुलतीकडे गेले. तिची धाकटी बहीण लग्नाची होती. चुलतीने वडिलांपुढे दुसरी बायको म्हणून तिचे नाव काढले.

"घरात हातापायानं धड माणूस पायजे का न्हाई? मी एकलीनं कुठवर मरावं?"

वडिलांनी परसात पडलेल्या कडुनिंबाची फळी तासली, आईच्या मांडीवर ठेवली आणि हातात सुरी दिली.

आमच्याकडे भाजी विळीनेच चिरत. फळी आणि सुरी खाटकाकडची.

"आता दारात बकरं बी टांगा," चुलती म्हणाली.

लाकूड ओले होते. त्यावर चिरलेली वांगी कडू झाली. चुलतीने ताट सरकवले. "मी माहेरी सांगावा धाडते."

"धाडा की, जाऊबाई," आई म्हणाली. "येईल ती बी कडूच खाईल."

गाडीच्या कामासाठी ठेवलेला चिंचेचा तुकडा गोठ्यात वाळून पडला होता. वडिलांनी त्याची दुसरी फळी केली, रंधा मारून करडईचे तेल पाजले. पुढची निगा आईची. रोज राखेने घासायची, सावलीत उभी करून वाळवायची, पांढरी दिसू लागली की पुन्हा तेल. सुरीचे घाव खोल गेले की वडील रंधा मारत. त्याच महिन्यात त्यांनी मातीचा कट्टा घालून चूलही उंच केली.

माघात चुलतीचे थोरले भाऊ बोलणी करायला आले. आई ओट्याच्या कडेला बसून, फळी मांडीवर घेऊन त्यांच्याचसाठी दोडके चिरत होती. ते बराच वेळ पाहत राहिले.

"चिरती ही. मग रांधतं कोण?" त्यांनी वडिलांना विचारले.

"तीच. उभ्यानं."

"अन् भाकरी?"

"तीच."

"मग आमच्या पोरीला हितं काम काय?"

"दादा, तुमी गप जेवा," चुलती आतून म्हणाली.

जेवण झाल्यावर त्यांनी गाडी जुंपली. त्या मुलीचे लग्न वैशाखात पालीला झाले.