खडकावरचे परदेशी अक्षर

अहेरीच्या तहसील कचेरीसमोर मी अर्जनवीस म्हणून बसत असे. शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. परंतु माझा मसुदा हाती पडला की साहेब लोक खुर्चीत सावरून बसत, हे त्या भागात सर्वश्रुत होते. एखादा शिक्का, सही वा सरकारी खूण मला ओळखता आली नाही, असे तोवर घडले नव्हते. ऐंशीच्या दशकातील एका उन्हाळ्यात ते घडले, आणि त्याचा धक्का अद्याप ओसरलेला नाही.

प्राणहितेच्या काठच्या एका गावातून एक ढिवरीण आली. विधवा बाई, एकुलत्या मुलाचे लग्न नुकतेच झालेले, मायलेक नदीत जाळे टाकून जगत. टेकायच्या आधीच ती म्हणाली, "भाऊ, माहा पोरगा रानात पळाला. गावातले सारेच जवान पोट्टे पळाले. आमच्या घरामागच्या खडकावर सरकारनं लाल तिकोन काढला."

लाल त्रिकोण म्हणजे कुटुंब नियोजन, हे शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक होते. दवाखान्याच्या भिंतीवर तोच असे. काही वर्षांपूर्वी माणसांना गाडीत कोंबून नसबंदीला नेल्याच्या हकिकती गावोगाव अजून ताज्या होत्या.

"त्याले एकबी लेकरू नाई," बाई म्हणाली. "त्याले सोडा, असं लिहून द्या. तो घरी आला पायजे."

मी अधिकारवाणीने विचारले, "टोक वर आहे की खाली? सरकारी त्रिकोणाचे टोक खाली असते."

"आडव्या खडकावर काढला, भाऊ. नदीकून पाह्यलं तं वर, घराकून पाह्यलं तं खाली. आता सांगा."

मी अर्ज लिहिला, आणि प्रकरण नाजूक असल्यामुळे तो घेऊन स्वतः तिच्यासोबत गेलो. तिच्या घरामागे उंचवट्यावर तो काळा खडक होता. त्यावर त्रिकोण कोरून, मध्ये टिंब देऊन, लाल रंग भरला होता. गावात म्हातारे आणि बायकाच दिसत होत्या. थोड्या अंतरावर ती खूण काढणाऱ्या सरकारी मोजणीवाल्यांचा तंबू होता. बाईला मोहाच्या सावलीत बसवून मी आत गेलो.

तिथले साहेब नागपूरकडचे, वयाने तरुण. माझा अर्ज वाचून त्यांना हसू आवरेना. "काका, कसली नसबंदी! हे अक्षर आहे. ग्रीक लिपीतलं चौथं अक्षर, डेल्टा."

आमच्या खडकावर ग्रीकांचे अक्षर, आणि ग्रामपंचायतीला साधी नोटीस नाही! मी तसे बोलूनही दाखवले. साहेबांना बहुधा बऱ्याच दिवसांत ऐकणारा माणूस भेटला नव्हता. त्यांनी मला खाटेवर बसवले. ते म्हणाले, ग्रीकांनी हे अक्षर समुद्रावर व्यापार करणाऱ्या फिनिशियन लोकांकडून घेतले. त्या लोकांत त्याला दालेत म्हणत, म्हणजे दार. "हे बघा," म्हणून त्यांनी तंबूच्या दाराचा पडदा बाजूला सारला. बाहेरच्या उन्हाचा एक त्रिकोण डोळ्यांसमोर उभा राहिला. नदी समुद्राला मिळताना फाटे फुटून गाळाची जी जमीन होते, तिलाही ह्या आकारावरून डेल्टाच म्हणतात. मोजणीत हा त्रिकोण म्हणजे दुर्बीण उभी करण्याची पक्की जागा. आणि गणितात हेच अक्षर दोन गोष्टींतला फरक दाखवते.

"इथे कशातला फरक?" मी विचारले.

"नदीचं पात्र आणि तो खडक. उंचीतला."

"तो कशासाठी?"

"धरण झालं तर पाणी कुठवर चढेल, ते बघायला." मग, चहाचा कप पुढे सरकवत, सहज म्हणावे तसे ते म्हणाले, "खडकापर्यंत येईल."

बाईचे घर खडकाच्या खाली होते. सबंध गावच खडकाच्या खाली होते. तो चहा मी प्यालो की नाही, आठवत नाही.

मी बाहेर येताच बाई उठून उभी राहिली. "नसबंदीची खूण नाही," एवढेच माझ्या तोंडून निघाले. पुढचे वाक्य जुळवीपर्यंत ती रानाकडे तोंड करून हाका मारू लागली होती. झाडांतून एकेक पोरगा बाहेर येऊ लागला. तिचा मुलगा आला तो दाढी वाढलेला, काट्यांनी ओरबाडलेला. त्याची बायको दारातूनच ओरडली, "आले अस्वलभाऊ!" सगळे खदखदून हसले. बाईने त्याला जेवायला बसवले. भात आणि झिंग्यांचा रस्सा.

तो जेवत असताना मी बाईला बाजूला बोलावून पाण्याचे सांगितले. तिने आधी खडकाकडे पाहिले, मग छपराकडे, आणि मग पुन्हा खडकाकडे. मी कागद काढू लागलो. धरणाविरुद्ध असा अर्ज करीन की मंत्रालय हलेल, असे काहीसे म्हणालो.

तिने माझा हात धरला. "लिहा ना, भाऊ. उद्या लिहा. आज त्याले काई सांगू नका. किती दिसानं पोटभर जेवून राह्यला."

तेवढ्यात मुलाने आतून हाक दिली, "भाऊ, बाहेर काऊन उभे? या ना जेवाले! तुमच्यामुळंच तं घरी आलो." त्याने आपल्या शेजारी पाट सरकवला. बाईने माझे ताट वाढले, आणि मी जाऊन बसलो.